हाडाचा दगड होतो, मग आतलं प्रथिन कुठे जातं?

जीवाश्म म्हणजे काय, असं वर्गात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : फार पूर्वीच्या प्राण्यांच्या किंवा वनस्पतींच्या अवशेषांचा झालेला दगड. उत्तर चुकीचं नाही. पण या उत्तरातून मुलांच्या मनात एक चित्र तयार होतं. मूळचं हाड सगळंच्या सगळं निघून गेलं, आणि त्याच्या जागी त्याच आकाराचा दगड येऊन बसला, असं ते चित्र. एखादी चौकस मुलगी मग विचारते, "सगळंच गेलं का? थोडंसुद्धा उरलं नसेल?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण गेली सत्तर वर्षं शास्त्रज्ञ त्याच्याशी झुंजत आहेत. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते कुठल्या प्राण्याचा कुठला अवयव, किती जुना आणि मुख्य म्हणजे किती गरम जागी पडलेला, यावर अवलंबून असतं. या लेखात आपण हा प्रश्न आपल्या विदर्भातल्या, त्यातही यवतमाळ जिल्ह्याच्या मातीवर उभं राहून तपासणार आहोत. कारण जगातल्या अवघड जागांपैकी ही एक आहे.

वणीच्या आसपासचे खडक

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा, म्हणजे दख्खनच्या पठाराच्या लाव्ह्याचा आहे. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पण जिल्ह्याच्या पूर्वेला, वणीकडे गेलं की हे पांघरूण विरळ होतं आणि खालचे जुने थर उघडे पडतात. वणीजवळच्या राजूरच्या चुनखडीच्या खाणी अनेकांना माहीत असतील. हा पैनगंगा चुनखडक, साधारण शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, हाडं असलेले प्राणी निर्माणच झाले नव्हते तेव्हाचा. वणी परिसरातला दगडी कोळसा त्यामानाने अलीकडचा, तरी पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तो गोंडवन काळातल्या दलदलीत वाढलेल्या झाडांपासून तयार झाला. ग्लोसॉप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे याच काळाच्या खडकांत मिळतात.

वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात गेलं की वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं लहानसं गाव लागतं. इथे लाव्ह्याच्या खाली लॅमेटा नावाचा थर आहे आणि त्यात डायनोसोरांची हाडं आहेत. नागपूरला राहणारे मिशनरी आणि हौशी भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच इथले जीवाश्म गोळा केले होते. त्यांचंच नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला आहे. आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण थर म्हणजे नद्यांच्या काठचा जुना गाळ. गोदावरी, मांजरा, घोड अशा महाराष्ट्रातल्या नद्यांच्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडे यांचे काही हजार ते काही लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेले आहेत.

म्हणजे एका दिवसाच्या सहलीत आपल्याला शंभर कोटी वर्षांपासून काही हजार वर्षांपर्यंतचे थर दिसू शकतात. आता प्रश्न असा : यांपैकी कुठल्या थरात मूळचं प्रथिन सापडण्याची आशा धरावी?

हाड म्हणजे दोन वस्तूंची वीण

त्यासाठी आधी ताजं हाड कसं असतं ते पाहू. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ केलेली हाडं घ्या. एक हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभरात ते हाड रबरासारखं वाकतं. बारीक असेल तर त्याची सैलसर गाठसुद्धा मारता येते. व्हिनेगरमधल्या आम्लानं हाडातलं खनिज विरघळवलं, आणि मागे राहिलं ते कोलाजेन नावाचं प्रथिन. दुसरं हाड चिमट्यात धरून मोकळ्या जागेत विस्तवावर चांगलं जाळा. ते पांढरं होतं, आकार तसाच राहतो, पण बोटानं दाबलं की चुरा होतो. इथे प्रथिन जळून गेलं आणि खनिज उरलं.

ताज्या हाडाच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज असतं. साधारण पाचवा ते चौथा भाग कोलाजेनचा. सिमेंटमध्ये लोखंडी सळ्या टाकाव्यात तशी ही रचना आहे. सळ्या लवचीकपणा देतात, सिमेंट कडकपणा देतं. शिवाय ते एकमेकांना सांभाळतात. खनिजाचे बारीक स्फटिक कोलाजेनच्या तंतूंना इतके चिकटून असतात की जंतूंना आणि त्यांच्या पाचकरसांना आत शिरायला वाट मिळत नाही.

कोलाजेन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. सुंभाला पीळ घालतात तसा. प्रत्येक साखळीत सुमारे हजार अमिनो आम्लं एकापुढे एक गुंफलेली असतात. अमिनो आम्लांचे मुख्य प्रकार वीस. त्यांचा क्रम हीच त्या प्रथिनाची ओळख. हा क्रम प्राण्याप्राण्यांत थोडा थोडा बदलतो. जवळच्या नात्यातल्या प्राण्यांत फरक कमी, लांबच्या नात्यात जास्त. म्हणूनच जुन्या हाडातून या साखळीचा एखादा तुकडा जरी वाचता आला, तरी तो प्राणी कुणाचा भाऊबंद होता हे कळू शकतं. प्रथिनांच्या शोधामागचं खरं आकर्षण हे आहे. हाडाचा आकार फसवू शकतो. मेंढी आणि शेळी यांची तुटकी हाडं वेगळी ओळखणं उत्खननातल्या तज्ज्ञांनाही जड जातं. पण कोलाजेनच्या एका तुकड्यातला छोटासा फरक त्यांना वेगळं करतो.

उष्णता आणि पाणी

आता हे प्रथिन नाहीसं कसं होतं? याचं उदाहरणही स्वयंपाकघरातलंच आहे. पायाचं सूप रात्री उरलं आणि थंड झालं की त्याची जेलीसारखी थरथरती वडी होते. ही जेली म्हणजे हाडातलं आणि कातडीतलं कोलाजेन. उकळताना त्याचा पीळ सुटला, साखळ्या तुटल्या आणि ते पाण्यात उतरलं. कुकरमध्ये जे अर्ध्या तासात होतं, तेच जमिनीत पुरलेल्या हाडात हळूहळू, हजारो वर्षं चालू असतं. पाण्याचा रेणू साखळीतल्या सांध्यात शिरतो आणि सांधा तोडतो. तुकडे पुरेसे लहान झाले की पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातात.

रसायनशास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की बहुतेक क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. कोलाजेनच्या बाबतीत ही वाढ त्याहूनही पुष्कळ मोठी असते. म्हणून कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समियर बेटावर, सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या उंटाच्या पायाच्या हाडात कोलाजेन शिल्लक राहिलं. २०१३ साली त्याच्याच आधारे तो प्राणी उंटच आहे हे ठरवता आलं. नाहीतर बर्फाच्या प्रदेशात उंट होता यावर कोण विश्वास ठेवणार?

आपल्याकडची परिस्थिती नेमकी उलटी. यवतमाळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जमिनीत काही मीटर खोल गेलं तर हा चढउतार पोचत नाही, पण तिथे वर्षभराचं सरासरी तापमान कायम असतं, आणि तेही पंचवीस अंशांच्या वर. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. या मातीत चुन्याचं प्रमाण बरं असतं, त्यामुळे हाडातलं खनिज टिकतं. पण दरवर्षी ओलं होणं, दरवर्षी सुकणं यात कोलाजेन धुऊन निघतं. म्हणून आपल्याकडची हाडं दिसायला चांगली टणक असतात, पण आत कोलाजेन फारसं नसतं. रेडिओकार्बन पद्धतीनं हाडाचं वय काढायचं तर कोलाजेन लागतं. तेच नसलं की वयही सांगता येत नाही.

म्हणजे जीवाश्मात काय उरेल ते त्या वस्तूच्या रसायनावर ठरतं. पिसदुऱ्याचंच उदाहरण घ्या. तिथे हाडांबरोबर प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म विपुल मिळतात. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताच्या पेशींमधले वाळूसारख्या सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले. निदान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनोसोरांच्या काळात गवत होतं, आणि महाकाय शाकाहारी डायनोसोर बहुधा ते खात होते, हे त्यामुळे जगाला कळलं. विष्ठेतलं प्रथिन कधीच गेलं होतं. सिलिका मात्र उरली, कारण सिलिकेला जंतू खात नाहीत आणि ती सहजी विरघळत नाही.

डायनोसोरच्या हाडातला वाद

जीवाश्मात अमिनो आम्लं सापडतात हे अमेरिकेतल्या फिलिप एबलसन यांनी १९५४ साली दाखवलं. पण अमिनो आम्लं म्हणजे प्रथिन नव्हे. माळ तुटून विखुरलेले मणी आणि माळ यांत जो फरक, तोच इथे. मणी मिळाले म्हणून माळ कशी होती ते कळत नाही. माळेचा तुकडा हवा.

तो मिळाल्याचा दावा डायनोसोरच्या बाबतीत झाला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात टायरॅनोसॉरस रेक्सचा एक सांगाडा सापडला, ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. जागा इतकी आडवळणी होती की हाडं हेलिकॉप्टरनं न्यावी लागली, आणि मांडीचं मोठं हाड त्यात मावेना म्हणून तोडावं लागलं. तुटलेल्या तुकड्यांवर मेरी श्वाइट्झर यांनी काम केलं. खनिज हळूहळू काढून टाकणाऱ्या द्रावणात त्यांनी ते ठेवले. म्हणजे आपण व्हिनेगरमध्ये जे केलं, तेच. खरं तर दगडच असेल तर सगळं विरघळून काहीच उरायला नको. पण मागे लवचीक, ताणले जाणारे, रक्तवाहिन्यांसारखे दिसणारे धागे उरले. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. २००७ साली जॉन असारा आणि श्वाइट्झर यांनी त्याच हाडातून कोलाजेनचे काही तुकडे वाचल्याचं जाहीर केलं. ते कोंबडीच्या कोलाजेनशी जुळत होते.

हे वाचन कसं करतात ते थोडक्यात सांगायला हवं. नमुन्यातल्या प्रथिनाचे एका पाचकद्रव्यानं ठरावीक ठिकाणी तुकडे करतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र प्रत्येक तुकड्याचं वजन अत्यंत बारकाईनं मोजतं. प्रत्येक अमिनो आम्लाचं वजन माहीत असतं. तुकडा आणखी फोडून वजनं पाहत गेलं की कुठला मणी कुठल्या जागी होता हे मांडता येतं. किराणा दुकानात बंद पुड्याचं वजन पाहून आत काय असेल ते ओळखावं, तसा हा प्रकार. फरक एवढाच की इथे वजनं जवळजवळ सारखी असलेल्या हजारो पुड्या असतात, आणि चुकीच्या पुडीवर बोट पडण्याची शक्यता हिशोबात धरावी लागते.

आक्षेप लगेच आले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. २००८ साली एका गटानं म्हटलं की हाडातल्या पोकळ्यांत जंतूंनी धरलेली बुळबुळीत साय म्हणजेच हे 'धागे' असावेत. दुसऱ्यांनी वजनांच्या जुळणीचं गणित पुन्हा मांडून ती योगायोगानं होऊ शकते असं दाखवलं. श्वाइट्झर यांच्या गटानं २००९ साली दुसऱ्या एका, ८ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसोरच्या हाडावर जास्त काळजी घेऊन काम केलं आणि पुन्हा कोलाजेनचे तुकडे मिळाल्याचं सांगितलं. २०१७ साली त्यांनी त्याची आणखी एक फेरी केली. पण त्याच वर्षी मायकेल बकली आणि सहकाऱ्यांनी शहामृगाचं ताजं हाड घेऊन तुलना केली, आणि डायनोसोरचे म्हणून सांगितलेले तुकडे आजच्या शहामृगाच्या कोलाजेनशी जुळतात असं दाखवलं. मूळ प्रयोगशाळेत तुलनेसाठी शहामृगाचं हाड हाताळलेलं होतं.

इथली खरी अडचण मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. पक्षी हे डायनोसोरांचेच वंशज. त्यामुळे डायनोसोरचं खरं कोलाजेन पक्ष्यासारखंच असायला हवं. आणि प्रयोगशाळेत चुकून मिसळलेलं शहामृगाचं कोलाजेनही पक्ष्यासारखंच असणार. म्हणजे जे उत्तर मिळण्याची अपेक्षा आहे, नेमकं तेच उत्तर भेसळीतूनही मिळू शकतं. अशा वेळी 'अपेक्षेप्रमाणे आलं' हा पुरावा ठरत नाही.

२०१९ साली कॅनडातल्या सेंट्रोसॉरस या डायनोसोरची हाडं खास निर्जंतुक पद्धतीनं उकरून तपासली गेली. त्यांत मूळ कोलाजेन मिळालं नाही. उलट आजचे जिवंत जंतूच हाडात वस्ती करून असल्याचं दिसलं. दुसऱ्या बाजूला २०२५ साली एडमोंटोसॉरस या डायनोसोरच्या हाडात कोलाजेनचे अवशेष असल्याचा दावा वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा मांडला गेला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हाडातल्या कोलाजेनचा प्रश्न असा अजून तापलेलाच आहे.

खरं की भेसळ?

अशा दाव्याची पारख कशी करायची? शास्त्रज्ञांनी काही कसोट्या तयार केल्या आहेत.

पहिली कसोटी जुनेपणाच्या खुणांची. अमिनो आम्लांना डावं आणि उजवं अशी दोन रूपं असतात, आपल्या दोन हातांसारखी. दिसायला सारखी, पण डाव्या हाताचा मोजा उजव्याला बसत नाही. सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ सगळी डावीच असतात. प्राणी मेल्यावर ती हळूहळू उलटू लागतात, आणि शेवटी डावी-उजवी सारखी होतात. कोट्यवधी वर्षं जुनं म्हणवणारं प्रथिन जर सगळंच डावं निघालं, तर ते नुकतंच कुणीतरी तिथे आणलेलं आहे. दुसरी खूण तुकड्यांच्या लांबीची. जुन्या साखळ्या आखूड तुकड्यांत मिळायला हव्यात. लांबलचक, न तुटलेला तुकडा आला तर आनंदाऐवजी शंका यायला हवी.

दुसरी कसोटी शेजाऱ्याची. हाडाभोवतीची माती, वापरलेली रसायनं आणि काहीच न टाकलेली रिकामी नळी यांचीही तीच तपासणी करतात. रिकाम्या नळीतही कोलाजेन निघालं तर दोष कुठे आहे ते कळतं.

तिसरी कसोटी दुसऱ्या घराची. त्याच हाडाचा तुकडा वेगळ्या गावातल्या वेगळ्या माणसांनी तपासायचा. त्यांचंही उत्तर तेच आलं पाहिजे.

या कसोट्या फक्त प्रथिनांसाठी नाहीत. कुठल्याही आश्चर्यकारक बातमीला त्या लावून पाहता येतात, आणि वर्गात त्यांचा खरा उपयोग तोच आहे.

दात आणि अंड्याचं कवच

हाडातून निराशा झाली, तेव्हा लक्ष दोन दुसऱ्या वस्तूंकडे गेलं. एक दाताचं एनॅमल, दुसरं अंड्याचं कवच.

एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात प्रथिन अगदी थोडं, वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण ते दाट स्फटिकांच्या मध्ये असं कोंडलेलं असतं की पाणी आत पोचत नाही. पाणी नाही तर साखळी तोडणार कोण? २०१९ साली जॉर्जिया देशातल्या दमानिसी इथल्या, सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या गेंड्याच्या दातातून एनॅमलची प्रथिनं वाचली गेली. त्याच वर्षी आली ती बातमी आपल्यासारख्या उष्ण देशाला जास्त जवळची. जायगँटोपिथेकस हा प्रचंड वानर. १९३५ साली फोन क्योनिग्सवाल्ड यांना त्याचा दात हाँगकाँगमधल्या चिनी औषधांच्या दुकानात मिळाला होता, आणि तेव्हापासून फक्त दात आणि जबडे यांवरूनच तो माहीत आहे. त्याचं नातं कुणाशी, यावर वाद होता. दक्षिण चीनमधल्या गुहेतल्या १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाताच्या एनॅमलनं उत्तर दिलं : जवळचा नातेवाईक ओरांगउटान. ही गुहा थंड प्रदेशातली नाही, दमट आणि उबदार हवेतली आहे.

जुलै २०२५ मध्ये याच्या पुष्कळ पुढची मजल मारली गेली. कॅनडाच्या उत्तर टोकाला २ कोटी १० लाख ते २ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या गेंड्याच्या दातातून प्रथिनांचे क्रम मिळाले. तिथे निदान थंडी तरी होती. पण केनियातल्या तुर्काना खोऱ्यातूनही, म्हणजे जगातल्या अत्यंत तप्त भागांपैकी एका भागातून, १ कोटी ८० लाख वर्षांपर्यंतच्या सस्तन प्राण्यांच्या दातांत एनॅमलच्या प्रथिनांचे तुकडे मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. तुर्कानात टिकतं तर यवतमाळच्या उन्हाळ्याला घाबरण्याचं कारण उरत नाही.

अंड्याच्या कवचाची गोष्टही अशीच. टांझानियातलं लेटोली हे आदिमानवाच्या पाऊलखुणांसाठी प्रसिद्ध असलेलं ठिकाण. तिथल्या ३८ लाख वर्षांपूर्वीच्या शहामृगाच्या कवचातून बिआत्रिचे डेमार्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रथिनाचा तुकडा वाचला. साखळीचा बाकीचा भाग तुटून गेला होता. उरला तो नेमका कवचातल्या कॅल्साइटच्या स्फटिकाला घट्ट चिकटलेला भाग. भिंतीवरचं पोस्टर फाडलं की डिंक लागलेला कोपरा तेवढा राहतो, तसा.

शहामृगाचं कवच म्हटलं की महाराष्ट्रानं कान टवकारायला हवेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे श. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. वय सुमारे २५ हजार वर्षं. म्हणजे खानदेशातला अश्मयुगीन माणूस शहामृगाच्या कवचाचे मणी करून घालत होता! भारतात खरोखरच शहामृग होते का, यावर मात्र शंका घेतली जात असे. २०१७ साली राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांच्या तुकड्यांतून रुरकी आणि हैदराबाद इथल्या शास्त्रज्ञांनी डीएनए मिळवला. एक नमुना २५ हजार वर्षांहून जुना होता आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाच्या जवळचा निघाला. डीएनए हा प्रथिनापेक्षा नाजूक रेणू. तोच आपल्या उन्हात कवचाच्या आत टिकला, यावरून कवच ही केवढी सुरक्षित पेटी आहे ते कळतं.

डायनोसोरांच्या अंड्यांचं काय? भारतात ती भरपूर आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी १९८३ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून त्यांची नोंद केली. पिसदुरा ज्या लॅमेटा थरावर वसलं आहे, तोच थर तिकडेही आहे. अर्जेंटिनातल्या अशाच महाकाय डायनोसोरांच्या कवचांत मूळची अमिनो आम्लं असल्याचं २०२४ साली दाखवलं गेलं. पण ती सुटे मणी होती, माळ नव्हती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. वणीच्या चुनखडीत आशा नाही, तिथे हाडंच नाहीत. कोळशात झाडांचं कार्बन उरलं, प्रथिन गेलं. पिसदुऱ्याच्या हाडांत फार तर वाद मिळेल. आशा आहे ती नद्यांच्या काठच्या गाळात, आणि तिथेही मोठ्या मांडीच्या हाडापेक्षा हत्तीच्या दाढेत.

आपल्या हातात काय?

मोठ्या हाडाची भुरळ सगळ्यांनाच पडते, आणि दाढेचा तुकडा बिनमहत्त्वाचा म्हणून राहून जातो. नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातल्या हथनोरा इथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतातला हा अत्यंत मोलाचा अवशेष. तो माणूस नेमका कुठल्या शाखेचा, यावर चर्चा चालूच आहे. त्याचा एक दात जरी बरोबर मिळाला असता, तरी एनॅमलमधून काही विचारता आलं असतं. पण मिळाली ती फक्त कवटीची टोपी.

नदीकाठच्या गावांत, वाळूच्या घाटावर, विहिरीच्या खोदकामात, खाणीवर टाकलेल्या मातीत असे अवशेष निघतात. गावात ते बहुतेकदा पहिल्यांदा दाखवले जातात ते शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनाच. म्हणून काही गोष्टी आपण पक्क्या ध्यानात ठेवू.

हाड किंवा दात ठिसूळ आहे म्हणून त्याला सरस लावू नका. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, म्हणजे सरस हे कोलाजेनच आहे. सरसाचा एक हात फिरला की त्या हाडातलं मूळ कोलाजेन आणि बैलाचं कोलाजेन कायमचं एक झालं. अंड्याचा बलक, दूध, वॉर्निश यांनाही हेच लागू. दगड आहे की हाड हे पाहण्यासाठी जीभ लावण्याची जुनी रीत आहे. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, हे खरं. पण लाळेत आपली प्रथिनं असतात. गरम पाण्यानं धुऊ नका, आम्लात घालू नका. कोरड्या कागदात गुंडाळा, भोवतीची थोडी माती वेगळ्या पुडीत ठेवा. ती शेजाऱ्याच्या कसोटीला लागेल. कुठल्या गावच्या, नदीच्या कुठल्या काठावर, किती खोल आणि कुठल्या रंगाच्या थरात मिळालं, ते तारखेसह लिहून आत टाका. शक्य असेल तर उचलण्याआधी जागीच फोटो काढा. आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. जागा न कळलेला जीवाश्म शोकेसमध्ये शोभतो, पण त्याच्याकडून पुढे फारसं काही शिकता येत नाही.

वर्गासाठी एक काम सुचवतो. व्हिनेगरमधलं हाड, जाळलेलं हाड आणि एक ताजं हाड अशी तीन हाडं शेजारी शेजारी ठेवा. मुलांना विचारा : यांतलं कुठलं हाड वणीच्या काळ्या मातीत पुरलेल्या हाडासारखं होत जाईल, आणि कुठलं एल्समियरच्या बर्फातल्या हाडासारखं राहील? मुलं वाद घालतील. त्यांना एकदम उत्तर सांगू नका. उष्णता, पाणी, जंतू आणि खनिज हे चार शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येक मताला कारण मागा. 'सगळंच गेलं का?' असं विचारणारी मुलगी वर्गात असेल, तर तिचं उत्तर तीच शोधून काढेल.